आपल्या माणसाचं रक्त



टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांच्या हृदयावर १९८३ साली शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी दिलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली असं मानलं जातं. १९९३ साली ते गेले. रक्त तपासण्याची पहिली एचआयव्ही चाचणी अमेरिकेत आली मार्च १९८५मध्ये. म्हणजे दोन वर्षं उशिरा.

आता चाचण्या आहेत. पण एलायझा चाचणी प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस विषाणू रक्तात असून सापडत नाही. १९९९पासून इथे वापरात आलेली नॅट चाचणी विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधते. त्यामुळे हा आंधळा काळ दहा दिवसांच्या आसपास आला, पण शून्यावर आला नाही. उरलेल्या दिवसांत राखण करते ती एकच गोष्ट: रक्तदात्याने दिलेलं खरं उत्तर.

ते किती सहज बिघडतं, हे मी स्वतः केलं म्हणून सांगतो. पुण्यात वडिलांचं ऑपरेशन होतं. रुग्णालयाने बदली रक्तदाते मागितले. मी इथून चुलतभावाला फोन केला, गळ घातली. तो गेला, रक्त देऊन आला. दोन महिन्यांपूर्वी त्याला कावीळ झाली होती, ते त्याने फॉर्मवर लिहिलं नाही. 'दादा, तू एवढं म्हणालास, नाही कसं म्हणणार?' भारतात एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत. ए आणि ई प्रकारची कावीळ त्यांत नाही.

बदली रक्त बहुधा पेढीच्या साठ्यात जातं. म्हणजे धोका मी वडिलांना नव्हे, कुणा अनोळखी रुग्णाला दिला होता.

'आपल्या माणसाचं रक्त बरं' ही समजूत आपल्यात खोल आहे. नात्याचं, जातीचं, शुद्धतेचं सगळं त्यात येतं. विज्ञान उलट सांगतं. जवळच्या नातलगाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात, म्हणून ते रक्त किरणोत्सर्गाने प्रक्रिया करून द्यावं लागतं. भिडेपोटी आलेला दाता खरं बोलत नाही. सगळ्यांत सुरक्षित असतो तो नियमित, स्वेच्छेने, मोबदला न घेता देणारा परका माणूस.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर भारतात पैसे घेऊन रक्त देणं १९९८पासून बंद झालं. २००२च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने बदली दात्यांची पद्धतही संपवायचं ठरवलं. ती अजून संपलेली नाही, कारण आपण असे फोन करतो.

तेव्हा दोन विनंत्या. घरून फोन आला, तर नातलगाला सांगा: 'जमत नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही.' आणि इथे आपण स्वतः नियमित रक्त द्या. भारतातून परतल्यावर मलेरियामुळे काही काळ थांबवतात. ती तारीख लपवू नका. कॅलेंडरवर पुढची लिहून ठेवा.