जपानचीं हसरीं भुतें

भूत म्हटलें कीं अमावास्येची रात्र, ओसाड वाडा आणि पिंपळाचें झाड डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु जपानांतील एका शाळकरी मुलाला भेटणारीं भुतें अशा ठिकाणीं राहत नाहींत. तीं त्याच्या घराच्या बैठकींत, शाळेच्या वर्गांत, गजबजलेल्या चौकांत भर दुपारीं भेटतात. आणि भिववीत तर मुळींच नाहींत, नुसत्या खोड्या काढतात. या मुलाचें नांव केइता, आणि त्याच्या गमतींची चित्रमालिका म्हणजे ‘योकाई वॉच’. जुलै २०१३ मध्यें ‘लेव्हल-फाइव्ह’ या कंपनीनें या नांवाचा खेळ विक्रीस काढला. ८ जानेवारी २०१४ रोजीं ‘टीव्ही टोकियो’वर त्याची ॲनिमे मालिका सुरू झाली, आणि मार्च २०१८ पर्यंत तिचे दोनशेंहून अधिक भाग झाले.

कथेचा आरंभ साधा आहे. उन्हाळ्याच्या सुटींत किडे पकडण्यासाठीं केइता रानांत जातो. तेथें एका जुनाट झाडाखालीं नाणें टाकून खेळणें काढण्याचें यंत्र त्याला दिसतें. त्यांतून व्हिस्पर नांवाचा एक पांढरा, तरंगता जीव बाहेर पडतो आणि केइताचा कारभारी म्हणून त्याच्या मागें लागतो. तो केइताला एक घड्याळ देतो. त्याच्या प्रकाशांत इतरांना न दिसणारीं भुतें दिसूं लागतात. व्हिस्पर स्वतःस मोठा पंडित म्हणवितो, परंतु कोणतेंहि भूत समोर आलें कीं हळूच हातांतल्या पाटीवर त्याची माहिती शोधतो आणि मग तें जणूं मुखोद्गत असल्याप्रमाणें सांगतो. असे पंडित कोणत्या देशांत नसतात?

‘योकाई’ या शब्दाचा अर्थ नुसतें भूत असा नाहीं. मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा, नदींतला जलचर, म्हातारी झालेली मांजर, शंभर वर्षें वापरून टाकून दिलेली छत्री, किंबहुना ज्याचा उलगडा होत नाहीं असें जें जें कांहीं, त्या सर्वांस हा शब्द पुरतो. अशा जीवांकडे पाहून हसण्याची रीतहि जपानांत नवी नाहीं. योशिदा केंको या भिक्षूनें सुमारें १३३० सालीं लिहिलेल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथांत एक मजेची गोष्ट आहे. ‘नेकोमाता’ नांवाची मांजर माणसें खाते, असें ऐकून घाबरलेला एक भिक्षू काव्याच्या बैठकीहून रात्रीं एकटाच परतत होता. अंधारांत कांहीं तरी त्याच्या अंगावर झेपावलें. तो ओरडत ओढ्यांत पडला आणि बक्षिसादाखल मिळालेल्या वस्तूहि भिजल्या. शेजारी दिवे घेऊन धांवले तों दिसलें काय? त्याचाच कुत्रा धन्याला ओळखून आनंदानें त्याच्याकडे धांवला होता! पुढें १७७६ मध्यें तोरियामा सेकिएन या चित्रकारानें योकाईंचा सचित्र संग्रह छापला, आणि घरोघरीं ऐकलेल्या भयांना ठराविक चेहरे मिळाले.

आधुनिक काळांत या जीवांवर संकट आलें. तत्त्वज्ञ इनौए एनर्यो यांनीं या विषयाचें शास्त्रच उभारलें, तें मुख्यतः लोकांच्या मनांतील अंधश्रद्धा दूर करण्याकरितां. उलट यानागिता कुनिओ यांनीं १९१० मध्यें ‘तोनो मोनोगातारी’ प्रसिद्ध करून डोंगराळ मुलुखांतील अशा कथा जपून ठेवल्या. भूत खरें कीं खोटें यापेक्षां लोकांना तें कां दिसलें हें जाणणें त्यांना अधिक मोलाचें वाटलें. महायुद्धांत डावा हात गमावलेले चित्रकार मिझुकी शिगेरू यांनीं लहानपणीं एका वृद्धेच्या तोंडून ऐकलेलीं भुतें चित्रकथांत आणलीं, आणि १९६८ पासून त्यांचा ‘कितारो’ दूरचित्रवाणीवर वावरूं लागला. ‘योकाई वॉच’ ही त्याच वंशावळींतील धाकटी पाती होय.

धाकटी असली तरी ती पूर्वजांस विसरलेली नाहीं. नदींत राहणारा ‘काप्पा’ जुन्या कथांत मुलांना पाण्यांत ओढतो. त्याचें बळ डोक्यावरच्या बशींतील पाण्यांत असतें. म्हणून त्याला लवून नमस्कार करावा, तोहि शिष्टाचारानें उलट लवतो, आणि पाणी सांडून निर्बळ होतो. मालिकेंतला काप्पा मात्र हुशार आहे. तो पाण्याची बाटली बरोबर बाळगूनच हिंडतो! दुसरा आहे भुकेचा म्हातारा ‘हिमोजी’. जपानींत ‘हिमोजी’ म्हणजे भुकेलेला, आणि ‘जी’ म्हणजे म्हातारा, असा हा श्लेष. तो ज्याला धरतो त्याला अवेळीं भूक लागते, आणि मुलें खदखदां हसतात. परंतु या हसण्यामागें घाटवाटांतील ‘हिदारुगामी’ उभा आहे. वाटेंत उपासमारीनें मेलेल्यांचे आत्मे वाटसरूला झपाटतात, त्याचें अंग गळून जातें, आणि भाताचा एक घांस तोंडांत पडला कीं तो सुटतो, अशी ती समजूत. म्हणून जाणते प्रवासी शिदोरींतला शेवटचा घांस राखून ठेवीत. १७८० नंतरच्या दशकांत भयंकर दुष्काळ सोसलेल्या देशाची ही आठवण आज मुलांच्या विनोदांत जिवंत आहे.

येथें एक प्रश्न सुज्ञ पालकांच्या मनांत सहज येईल. विसरलें तर विसरभोळेपणाचें भूत, भांडलें तर उदासीचें भूत. मग मुलानें स्वतःचा दोष कधीं ओळखावयाचाच नाहीं काय? मालिकेचा विनोद या धोक्याजवळूनच जातो. परंतु तिच्या रचनेंत त्याचें उत्तरहि आहे. भूत दिसतें तें एकट्या केइताला. म्हणून तें निस्तरण्याचें कामहि त्याच्याच गळ्यांत पडतें. उदासी पसरविणाऱ्या भुतानें घरांत शिरून आईबापांत भांडण लावलें, तर त्याला ‘भुतानें केलें’ म्हणून स्वस्थ बसतां येत नाहीं. जाऊन त्या भुताची समजूत काढावी लागते. आपल्याकडेहि रागावलेल्या माणसाविषयीं ‘त्याच्या अंगांत काय संचारलें आहे कोण जाणे’ असें म्हणतात. त्या बोलण्यांत एक दया असते: माणूस वाईट नाहीं, त्याच्यावर कांहीं तरी आलें आहे, आणि तें जाईल. आईबापांचें भांडण ऐकून कोपऱ्यांत बसलेल्या मुलाला एवढा विश्वास थोडा नव्हे.

या मालिकेचें हृदय मात्र जिबान्यान नांवाच्या तांबड्या मांजरांत आहे. पूर्वीं तें एमी नांवाच्या मुलीचें लाडकें मांजर होतें. मालमोटारीच्या धक्क्यानें तें मेलें, आणि मरतांना तिच्याच तोंडचे बोल ऐकून त्याला वाटलें कीं, आपल्या मरणाचीहि तिला लाज वाटली. तेव्हांपासून चौकांत उभें राहून तें प्रत्येक मालमोटारीशीं झुंजतें आणि प्रत्येक वेळीं आकाशांत भिरकावलें जातें. पाहणारे हसतात. पुढें एका भागांत उलगडतें कीं, तें मांजर एमीला वांचवितांनाच मेलें होतें. सात-आठ वर्षांचें मूल मृत्यूविषयीं पहिल्यांदा जें शिकतें, तें अशा हसतां हसतां दाटून आलेल्या कंठानें शिकलें तर त्यांत वाईट काय?

व्यापाराची बाजू अर्थातच आहे. घड्याळांत घालावयाच्या खेळण्यांतील पदकांसाठीं २०१४ मध्यें जपानी आईबाप दुकानांपुढें रांगा लावीत होते. मालिकेच्या नाचगाण्याचें ‘योकाई तायसो दाइइची’ हें नांव, १९२८ सालीं तेथें सुरू झालेल्या रेडिओवरील सामुदायिक कवायतीच्या नांवावरून विनोदानें बेतलेलें आहे. आजोबा ज्या नांवाच्या कवायतीनें हातपाय हलवीत, त्याच नांवाच्या थट्टेवर नातू नाचूं लागले.

मुलांना गप्प बसविण्यासाठीं भूत दाखविणें ही सर्वच देशांतील मोठ्या माणसांची जुनी युक्ति आहे. केइता भुताला मारीत नाहीं. त्याचें नांव विचारतो, त्याचें दुःख ऐकतो आणि त्याच्याशीं मैत्री करतो. त्या मैत्रीची खूण म्हणून तें भूत त्याला एक पदक देतें, आणि अडचणीच्या वेळीं हाक मारतांच धांवून येतें. भयाला नांव मिळालें कीं त्याचें अर्धें बळ सरतें. उरलेलें अर्धें हसण्यानें सरतें.