कोपीवर जाताना गणिताचं पुस्तक कोणतं?

दिवाळी झाली की आपल्या गटातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. टोळ्या ऊसतोडीला जातात, लहान लेकरंही कोपीवर जातात. तिथं शाळा म्हणजे आईच. म्हणून यंदा बैठकीत बचतीच्या आधी आम्ही हाच विषय घेतला: गणिताचं कोणतं पुस्तक सोबत न्यायचं?

बाजारातलं चकचकीत पुस्तक सगळ्यांना आवडलं. पण त्यात पानोपान नुसत्या बेरजा. आम्ही एका पोराला त्रेसष्ट लिहायला सांगितलं, त्यानं लिहिलं ३६. त्याची तरी काय चूक? कानावर आधी तीन पडतात. एकोणसाठमध्ये तर साठच ऐकू येतात, पन्नासाचा पत्ताच नाही! गटाच्या वहीत आपणही असे घोळ घातलेत.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. आम्हीही हसलो होतो. आता पटतंय. त्यात त्रेसष्टही आहे, साठ तीनही. शिवाय लेकरू परत येईल ते शाळेच्याच पुस्तकाकडे. आम्ही तेच ठरवलं.

पण आधी काड्या घ्या. दहा काड्यांची एक मोळी बांधायला लावा. मोळी तर त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. सहा मोळ्या, तीन सुट्या. आधी बोलू द्या, मग लिहू द्या. दमून आल्यावर चुलीपाशी दहा मिनिटं झाली तरी पुष्कळ.

पुस्तकं गटाच्या पेटीत आहेत. टोळी निघायच्या आधी घेऊन जा.