उष्णतेच्या लहरी टिपणारी सूक्ष्म अँटेना



उन्हाळ्यात सूर्य मावळला तरी अंगणातील फरशी व घराची भिंत बराच वेळ उष्णता सोडीत राहते. ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानेही बाहेर पडते. डोळ्यांना न दिसणारे हे किरण रेडिओलहरींच्याच कुळातील होत. मग रेडिओची एरियल जशा आपल्या लहरी टिपते, तशा या लहरी टिपून वीज का मिळवू नये?

विल्यम ब्राउन या अमेरिकी अभियंत्याने १९६४ साली सूक्ष्मलहरींपासून अशीच वीज मिळवून एक लहानसे हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवले होते. अवरक्त लहरींच्या बाबतीत मात्र काम कठीण आहे. भोवतालच्या वस्तूंतून निघणाऱ्या या लहरींची लांबी साधारणतः १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग असते. अँटेना त्याहूनही लहान हवी. अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००८ साली प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर सोन्याच्या अशा असंख्य अँटेना उमटवून दाखविल्या.

लहर टिपली म्हणजे वीज हाती आली असे नव्हे. घरातील वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलन पावते. अँटेनातील हा प्रवाह सुमारे ३० लाख कोटी वेळा. त्याला एकाच दिशेने वाहावयास लावणारा डायोड तितकाच चपळ हवा. साधे डायोड येथे निरुपयोगी ठरतात. जॉर्जिया तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २०१५ साली कार्बनच्या सूक्ष्म नळ्या वापरून प्रकाशलहरींपासून एकदिश प्रवाह मिळविला. परंतु त्याची कार्यक्षमता एक टक्क्याहून पुष्कळच कमी होती.

दुसरी मर्यादा निसर्गनियमाची आहे. पाणी उंचावरून खाली पडते तेव्हाच चक्की फिरते. त्याचप्रमाणे उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येते. भिंत आणि अँटेना सारख्याच तापमानाच्या असतील, तर वीज मिळणार नाही. म्हणूनच भट्ट्यांची वाया जाणारी उष्णता हे या संशोधनाचे अधिक आशादायक क्षेत्र होय.

रात्रीही वीज देणाऱ्या पत्र्यांचा प्रस्ताव एखाद्या ग्रामपंचायतीपुढे आल्यास सदस्यांनी दोनच प्रश्न विचारावेत : उष्ण बाजू कोणती व थंड बाजू कोणती? आणि प्रत्यक्ष मोजलेली वीज किती? टिपलेल्या लहरींचे प्रमाण हे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. विज्ञानाचे स्वागत करताना हा विवेक राखला, तर सार्वजनिक पैशाचेही रक्षण होईल.