आकृतीविना दुरुस्ती : माहितीची किंमत आणि ग्राहकाचा हक्क

(बेंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्रात वस्तूच्या किमतीची चर्चा पुष्कळ होते, परंतु माहितीच्या किमतीची चर्चा त्या मानाने कमी होते. एखादा ॲम्प्लिफायर बंद पडतो आणि वीस रुपयांचा सुटा भाग न बदलल्यामुळे संपूर्ण यंत्र कचऱ्यात जाते, तेव्हा तुटवडा त्या भागाचा नसतो. तो भाग कोणता, हे सांगणाऱ्या मंडल-आकृतीचा असतो. या एका उदाहरणातून ग्राहक हक्क, स्पर्धा धोरण, ई-कचरा आणि कौशल्य विकास हे अभ्यासक्रमातील चार विषय एकत्र पाहता येतात.

बेंगळुरूची पार्श्वभूमी

या चर्चेसाठी बेंगळुरूइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये येथे स्थापन झाली. सार्वजनिक उद्योगांनी येथे इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या तंत्रज्ञांच्या पिढ्या घडविल्या. दुसऱ्या बाजूला सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर, सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. संशोधन, उत्पादन, दुरुस्ती आणि भंगार हे वस्तूच्या आयुष्याचे सारे टप्पे या एकाच शहरात पाहावयास मिळतात.

व्हॉल्व्हच्या काळातील रेडिओच्या खोक्यात किंवा त्याच्या माहितीपुस्तिकेत अनेकदा मंडल-आकृती असे. भाग मोठे होते आणि त्यांवरील रंगपट्ट्या डोळ्यांना दिसत. पुढे बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाखले जाणारे, सरफेस माउंट पद्धतीचे भाग आले. त्यांपैकी ०४०२ या आकाराचा रेझिस्टर जेमतेम १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. यंत्रे लहान व स्वस्त झाली, हा निःसंशय लाभ होय. मात्र त्याच काळात आकृती ग्राहकाच्या हातून जाऊन बहुधा अधिकृत सेवा केंद्रापुरती मर्यादित झाली.

आकृती नसताना दोष कसा शोधतात?

प्रथम सुरक्षितता. वीजजोडणी काढल्यानंतरही स्विच-मोड वीजपुरवठ्यातील मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहू शकतो. तो सुरक्षितपणे उतरविल्याचे मीटरवर पाहिल्याखेरीज बोर्डाला हात लावला जात नाही. त्यानंतर भिंगातून पाहणी होते. जळालेला भाग, फुगलेला कपॅसिटर, डाखाला गेलेला तडा यांचा शोध येथेच घेतला जातो. जळालेला रेझिस्टर हे बहुतेकदा कारण नसून परिणाम असतो. तेवढाच बदलून यंत्र सुरू केले तर नवा रेझिस्टरही जळतो.

दुसरी पायरी वीजपुरवठ्याची. बोर्डावरील नियामक चिपचा क्रमांक वाचता आला की निर्मात्याने प्रसिद्ध केलेले तिचे तांत्रिक पत्रक मिळू शकते. या पत्रकात प्रत्येक टोकाचे कार्य आणि बहुधा नमुना मंडलही असते. अशा चार-पाच पत्रकांतून संपूर्ण यंत्राची नसली, तरी कामापुरती अर्धी आकृती उभी राहते. कोणत्या टोकावर किती व्होल्ट अपेक्षित आहेत हे कळले की नसलेला दाब शोधता येतो.

तिसरी पायरी या क्षेत्राची खास देणगी आहे. स्टिरिओ यंत्रात डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या असतात व त्यांची मंडले सहसा सारखीच असतात. एक वाहिनी बिघडली असेल, तर दुसरी निरोगी वाहिनी हीच आकृती ठरते. दोन्ही बाजूंच्या समान बिंदूंवरील रोध, डायोड-मापन व दाब यांची नोंद शेजारी शेजारी ठेवली की जेथे आकडे वेगळे होतात तेथून दोषाचा माग लागतो. मग एक ठरावीक स्वर आत सोडून तो कोणत्या टप्प्यावर हरवतो, हे पाहिले जाते.

भागांवरील खुणा वाचणे हेही एक शास्त्र आहे. रेझिस्टरवरील १०३ म्हणजे १० आणि त्यापुढे ३ शून्ये, अर्थात १०,००० ओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र बहुधा कोणताच आकडा नसतो. त्याचे मूल्य दुसऱ्या वाहिनीतील जुळ्या भागावरून, तो सोडवून मोजल्यावरच कळते. ट्रान्झिस्टरवरील दोन-तीन अक्षरांचा संकेत तर निर्मात्यागणिक वेगळा अर्थ धारण करू शकतो. शिवाय भाग बोर्डावर असताना केलेले मापन समांतर मार्गांमुळे फसवे असते.

बोर्डावर ताण येऊन सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जाणे हा वारंवार आढळणारा दोष आहे. बाहेरून तो भाग नवा दिसतो, आतून वीज थेट जमिनीशी जोडलेली असते. एकाच वीजरेषेवर असे डझनभर कपॅसिटर असतील, तर प्रत्येक सोडवून पाहणे शक्य नसते. तेव्हा बाहेरून अत्यल्प दाबाचा, मर्यादित प्रवाह सोडतात. दोषी भाग तापतो आणि त्यावरील अल्कोहोलचा पातळ थर इतरांआधी उडून जातो. दुरुस्तीनंतर प्रथम वीजजोडणीत बल्ब मालिकेत ठेवून यंत्र सुरू करतात. बाहेर येणाऱ्या तारांवर एकदिश दाब नाही याची खात्री झाल्यावरच स्पीकर जोडतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. चिपवरील क्रमांक खरवडून टाकलेला असेल किंवा दोष आज्ञावली भरलेल्या प्रोसेसरमध्ये असेल, तर सर्वांत कुशल कारागीरही थांबतो. येथे कौशल्य संपत नाही, माहिती संपते.

हिशोबाची बाजू

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कारागिराच्या एका तासाचे मोल ३०० रुपये असून सुटा भाग २० रुपयांचा आहे. आकृती हाती असेल तर १ तासात काम होते, खर्च ३२० रुपये. आकृती नसेल तर ६ तास लागतात, खर्च १,८२० रुपये. त्यातही १०० पैकी ६० यंत्रेच दुरुस्त होतात असे मानले, तर प्रत्येक यशस्वी दुरुस्तीमागे सुमारे ३,०३३ रुपये पडतात. नव्या यंत्राची किंमत ४,००० रुपये असेल तर ग्राहक नवेच घेतो आणि जुने भंगारात देतो. वस्तूचे आयुष्य येथे तिच्या टिकाऊपणाने संपलेले नसून माहितीच्या अभावाने संपलेले आहे.

अर्थशास्त्र याला माहितीची विषमता म्हणते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या आधारे हा विचार मांडला. २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल सन्मान मिळाला. दुरुस्तीच्या बाजारात ही विषमता दुहेरी असते. कारागिराला यंत्राची माहिती नसते, ग्राहकाला कारागिराच्या कामाची पारख नसते.

धोरणांचा प्रवास

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदान साधने व दुरुस्ती पुस्तिका स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे हा त्यातील कळीचा मुद्दा होता. या आदेशाविरुद्ध अपिले झाली, तरी विक्रीनंतरचा बाजार हा स्वतंत्र बाजार असू शकतो, हा विचार त्याने रुजविला.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्ती हक्काचे पोर्टल सुरू झाले. शेती उपकरणे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. मे २०२५ मध्ये दुरुस्तीसुलभता निर्देशांकाच्या चौकटीचा अहवाल सादर झाला. तो प्रारंभी मोबाइल व टॅब्लेटपुरता सुचविला आहे. फ्रान्सने असा निर्देशांक १ जानेवारी २०२१ पासून लागू केला होता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीविषयक निर्देश संमत करून सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ पर्यंत मुदत दिली.

पर्यावरणाच्या बाजूने पाहता, जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणे येतात व नूतनीकरण करणाऱ्यांचीही स्वतंत्र दखल घेतली आहे. पुनर्चक्रणात धातू परत मिळतो, परंतु घडणीवर खर्च झालेली ऊर्जा व श्रम परत मिळत नाहीत. दुरुस्तीत ते टिकून राहतात.

समतोल मार्ग

उत्पादकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. संशोधनावर खर्च करणाऱ्यास नक्कलीची भीती असते आणि अकुशल हातांनी उघडलेले यंत्र धोकादायक ठरू शकते. मात्र नक्कल करू इच्छिणारा स्पर्धक साधनसंपन्न असतो. तो बोर्डाचा थर न् थर उलगडू शकतो. आकृती दडविल्याने अडतो तो गल्लीतील कारागीर. म्हणून किमान हमीकाळ संपल्यावर आकृती व मापनबिंदूंची माहिती खुली करणे, भागांचे संकेत पुसण्यास प्रतिबंध आणि सुटे भाग ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवणे, अशा मर्यादित बंधनांचा विचार व्हावयास हवा. त्यासोबत सरफेस माउंट दुरुस्तीचे प्रशिक्षण आणि अनुभवी कारागिरांच्या कौशल्याला प्रमाणपत्र हवे. कारण माहिती खुली झाली तरी ती वाचणारा हात तयार असावा लागतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. देश भाग बनविण्याची तयारी करीत असताना, बनविलेले यंत्र किती वर्षे चालते याचाही हिशोब मांडणे क्रमप्राप्त आहे. राष्ट्रीय उत्पन्नात नव्या यंत्राची विक्री ठळकपणे मोजली जाते, मात्र जुन्या यंत्राची वाढलेली पाच वर्षे तेथे फारशी दिसत नाहीत. विकासाचा अभ्यास करणाऱ्यांनी आकडेवारीतील ही उणीव सतत ध्यानात ठेवली पाहिजे.