वेस्लीचा तिसरा नियम

(एका अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘धनाचा पाठलाग आणि खरे धन : ख्रिस्ती दृष्टिकोन’ हा विषय संयोजकांनी माझ्यावर सोपविला, तेव्हा हा तर धर्मोपदेशकाचा प्रांत, अर्थशास्त्राच्या मास्तराचे इथे काय काम, असे म्हणून मला मोकळे होता आले असते. परंतु धन कसे निर्माण होते, ते कोणापाशी साचते आणि साचल्यावर त्या माणसाचे काय करते, हे तीनही प्रश्न मुळात अर्थशास्त्राचेच आहेत. पहिल्यावर आम्ही ग्रंथ लिहिले, दुसऱ्यावर आपसांत भांडलो, आणि तिसरा मात्र कीर्तनकारांना व पाद्र्यांना देऊन टाकला. तो परत मागून घ्यावा, एवढ्याच हेतूने मी आज बोलणार आहे.

येशूने धनाविषयी जितके बोलून ठेवले आहे तितके फार थोड्या विषयांवर बोलला असेल. कोठारे भरून निश्चिंत झालेला आणि त्याच रात्री मरण आलेला शेतकरी. दारातल्या लाजराकडे ज्याचे लक्षच गेले नाही तो श्रीमंत. सारे विकून टाक म्हटल्यावर खिन्न होऊन परत गेलेला तरुण. ही माणसे आपल्या ओळखीची आहेत. पण ह्या सर्वांत अवघड गोष्ट लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातली. एका धनिकाचा कारभारी अफरातफरीच्या आरोपावरून नोकरीला मुकणार असतो. तो धन्याच्या कुळांना बोलावतो आणि त्यांच्या कर्जखतांतले आकडे कमी करून देतो, का तर नोकरी गेल्यावर ह्या लोकांनी आपल्याला घरात घ्यावे. आणि आश्चर्य असे की येशू ह्या लबाडाच्या शहाणपणाची वाखाणणी करतो! पुढे तो ऐहिक धनाला ‘परक्याचे’ म्हणतो, आणि परक्याच्या धनात जो विश्वासू ठरला नाही त्याच्या हाती खरे धन कोण देईल, असा प्रश्न टाकतो. टीकाकारांनी ह्या कथेशी शतकानुशतके झटापट केली आहे. मला तिच्यातला एकच मुद्दा घ्यावयाचा आहे : माणूस धनाचा मालक नाही, कारभारी आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब अक्षरशः ठेवणारा एक माणूस अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली. ह्या विषयावर बोलायला मी संत फ्रान्सिसला न निवडता वेस्लीला निवडले, ह्याचे कारण सरळ आहे. फ्रान्सिसने धनाचा त्याग केला. त्याच्यापुढे आपण हात जोडतो आणि घरी जातो. वेस्लीने लोकांना कमवायला सांगितले, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो.

वेस्लीचा जन्म १७०३ सालचा, लिंकनशरमधल्या एपवर्थ गावचा. बाप पाद्री, विद्वान आणि कायम कर्जात. १७०५ साली कर्जापायी त्याला तुरुंगात जावे लागले. जॉन पुढे ऑक्सफर्डला शिकला आणि १७२६ साली तिथल्या लिंकन कॉलेजचा फेलो झाला. ह्या काळातला त्याचा हिशेब प्रसिद्ध आहे. एका वर्षी त्याचे उत्पन्न ३० पौंड होते. २८ पौंडांत त्याने निर्वाह केला आणि २ पौंड दिले. पुढच्या वर्षी ६० पौंड मिळाले. खर्च तोच २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२०, त्यांतले ९२ दिले. उत्पन्न चौपट झाले आणि राहणी तसूभरही हलली नाही. उत्पन्न वाढले की उपभोग वाढतो, फक्त थोड्या कमी प्रमाणात, असे केन्सचे उपभोगफल आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो. त्या वक्ररेषेवर ह्या माणसाला कुठे बसवावे, हे मला कधी कळले नाही. आयुष्यभर त्याने हीच रीत ठेवली. १७७६ साली अबकारी अधिकाऱ्यांनी त्याला पत्र लिहिले की तुमच्यासारख्या नामांकित माणसाकडे चांदीची भांडी असणारच, त्यांची नोंद करा. त्याने उत्तर पाठविले की लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन असे चांदीचे चार चमचे माझ्याकडे आहेत, आणि सभोवती इतके लोक भाकरीला मोताद असताना मी आणखी घेणार नाही.

१७३९ पासून वेस्ली उघड्या माळावर बोलू लागला, कारण चर्चचे दरवाजे त्याला बंद होत चालले होते. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार हा त्याचा पहिला मोठा श्रोतृवर्ग. ज्यांना चर्चमध्ये कोणी पाऊल टाकू दिले नसते, असे हे लोक. त्यांतले हजारो दारू सोडून कामाला लागले, लिहावाचायला शिकले, चार पैसे मागे टाकू लागले. आणि इथून त्याची खरी अडचण सुरू होते.

१७६० साली त्याने ‘पैशाचा उपयोग’ हे प्रवचन प्रसिद्ध केले. आधार लूकच्या त्याच कारभाऱ्याच्या कथेचा. त्यात तीन नियम आहेत : जितके मिळवता येईल तितके मिळवा, जितके वाचवता येईल तितके वाचवा, जितके देता येईल तितके द्या. पहिले दोन नियम ऐकून कोणत्याही सराफाला आनंद व्हावा! पण पहिल्या नियमाला त्याने घातलेली कुंपणे कोणी वाचीत नाही. मिळवा, पण स्वतःचा जीव वा प्रकृती विकून नव्हे. शिशाच्या वाफा किंवा सोमल ज्यांत पोटात जातो असे धंदे त्याने उदाहरणादाखल सांगितले आहेत. मिळवा, पण शेजाऱ्याचे नुकसान करून नव्हे. म्हणून गहाणवटीचा धंदा नको, बाजारभावाखाली माल विकून दुसऱ्याचा धंदा बुडवणे नको, दुसऱ्याचे कामगार फूस लावून पळवणे नको, दारू गाळून विकणे नको. ही बंधने जर कोणी खरोखर पाळली तर भांडवलशाही स्पर्धेत तो किती दिवस टिकेल, ह्याचा विचार मी आपणांवर सोपवतो. दुसऱ्या नियमातली बचतही साठवण्यासाठी नाही. पेटीत टाकलेला पैसा म्हणजे समुद्रात टाकलेला पैसा, अशी त्याची भूमिका आहे. पहिले दोन नियम तिसऱ्यासाठी आहेत. तिसरा गळला तर पहिले दोन केवळ लोभाची शिस्त बनतात.

आणि तिसरा गळलाच. म्हातारपणी वेस्लीने हे स्वतः पाहिले, आणि मला त्याच्याविषयी वाटणारा सर्वांत मोठा आदर ह्यासाठी आहे की त्याने ते लपविले नाही. १७८६ साली त्याने लिहिलेल्या एका टिपणात जो विचार आहे तो कोणाही समाजशास्त्रज्ञाने मान द्यावा असा आहे. खरा धर्म उद्योग आणि काटकसर निर्माण करतो. उद्योग आणि काटकसर धन निर्माण करतात. धन वाढले की गर्व, आसक्ती वाढते आणि धर्म आटतो. म्हणजे धर्माच्या यशातच धर्माच्या नाशाचे बीज! माक्स वेबरने १९०४-०५ साली प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाही ह्यांचा संबंध मांडला आणि पुढे त्या लेखनाच्या १९२० सालच्या सुधारित आवृत्तीत ह्याच उताऱ्याची साक्ष काढली. आणि ते स्वाभाविकच होते, कारण आरोपीचाच कबुलीजबाब त्याच्या हाती लागला होता. १७८९ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, वेस्लीने डब्लिनमध्ये लिहिलेल्या प्रवचनात विचारले : पहिला नियम पाळणारे पुष्कळ आहेत, दुसरा पाळणारे थोडे आहेत, पण तिसरा पाळणारे पन्नास हजार मेथॉडिस्टांमध्ये पाचशे तरी सापडतील काय? शेकडा एक! पन्नास वर्षांच्या अखंड प्रचाराचे हे फळ त्याने स्वतःच मोजले.

समाजवाद्यांची प्रतिक्रिया इथे ठरलेली असते. पाहा, वैयक्तिक नीतीने काही होत नाही, मालकीची व्यवस्था बदलली पाहिजे. ह्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. वेस्लीची चूक ही की जे व्यवस्थेने करावयाचे ते त्याने प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडले. मिळवताना माणूस दहा वर्षे एका सवयीत घडतो आणि देताना त्याने एका क्षणात त्या सवयीविरुद्ध वागावे, ही अपेक्षाच अवास्तव. शिवाय वेस्ली राजकारणात कट्टर राजनिष्ठ होता. १७७५ साली अमेरिकन वसाहतींविरुद्ध त्याने पत्रक काढले. त्याला आपल्या पंक्तीला बसवायची घाई कोणी करू नये.

पण एवढ्यावर त्याला निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. कारण वेस्लीचे दुसरेही एक काम आहे, आणि ते प्रवचनांच्या संग्रहांत सापडत नाही. लंडनमध्ये मूरफील्ड्सजवळ तोफा ओतण्याचा एक पडका कारखाना त्याने घेतला होता. त्याला ‘फाउंडरी’च म्हणत. १७४० च्या हिवाळ्यात तिथल्या सभागृहात त्याने सर्वांत गरीब अशा बाराजणांना आणून बसविले, एक शिकविणारा दिला, आणि वसंत येईपर्यंत चार महिने त्यांच्याकडून कापूस पिंजून सूत कातून घेतले. भीक द्यावयाची नाही, काम द्यावयाचे. १७४६ साली त्याने मंडळींकडून ३० पौंड १६ शिलिंग गोळा केले आणि एक कर्जनिधी उभारला. एकावेळी फक्त २० शिलिंग द्यावयाचे, ते दर आठवड्याला थोडेथोडे करून तीन महिन्यांत फेडावयाचे. तेवढ्याच रकमेतून दीड वर्षात २५५ माणसांची गरज भागली. लूकमधल्या कारभाऱ्याने आकडे खोडून जे केले, ते ह्याने हिशेब चोख ठेवून केले. आपल्याकडच्या बचत गटांतल्या बायकांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

१७७३ साली धान्य महागले तेव्हाचे त्याचे छोटे पत्रकही पाहण्यासारखे आहे. भुकेल्यांना धीर धरा असे तो सांगत नाही. अन्न महाग का, हे विचारतो. त्याची उत्तरे अशी : गव्हाचा मोठा हिस्सा दारूच्या भट्ट्यांत जातो, ओट श्रीमंतांच्या गाड्यांचे घोडे खातात, छोटी शेते गिळून मोठे खंडकरी माजले आहेत, आणि राष्ट्रीय कर्जाच्या व्याजासाठी कर वाढले आहेत. उपायही तितकेच रोखठोक : भट्ट्या बंद करा, गाड्यांवर कर बसवा, वर्षाला शंभर पौंडांहून अधिक खंडाचे शेत कोणालाही देऊ नका. हे विश्लेषण आजच्या कसोटीला सगळे उतरेल असे नाही. त्याचे गव्हाचे अंदाज फुगलेले आहेत. पण इथे दारिद्र्य हे ईश्वरी विधान नाही, त्याला कारणे आहेत आणि ती माणसांच्या हातातली आहेत. अॅडम स्मिथचा ग्रंथ यायला अजून तीन वर्षे होती.

आता ‘खरे धन’ म्हणजे काय, ह्याकडे वळतो. रूढ उत्तर, स्वर्गातला ठेवा. ते श्रद्धेचे उत्तर आहे आणि श्रद्धावंताशी मी त्यावर वाद घालणार नाही. परंतु कथेतला कारभारी शेवटी काय मिळवतो ते पाहा. त्याला पैसा मिळत नाही, त्याला दारे उघडी मिळतात. ज्यांचे ओझे त्याने हलके केले ती माणसे त्याला मिळतात. खरे धन हे माणसांमाणसांतल्या नात्यात असते आणि ते एकट्याच्या नावे जमा करता येत नाही, असा अर्थ मी घेतो.

वेस्लीच्या चळवळीत हे धन कुठे जमले? १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होते. सभेत एकाने सुचविले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसऱ्याने म्हटले, पुष्कळांना तेवढीही परवडणार नाही. तेव्हा पहिला म्हणाला की माझ्याकडे गरिबांतले अकराजण द्या. जो देऊ शकणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा बाराबारांच्या तुकड्या पडल्या, त्यांना ‘वर्ग’ म्हणू लागले. प्रमुख दर आठवड्याला प्रत्येकाकडे जाई, पेनी घेई, विचारपूस करी. हळूहळू पेनीपेक्षा विचारपूस मोठी झाली. कोळसा खणणारा माणूस सभा चालवू लागला, जमाखर्च लिहू लागला, दहा माणसांपुढे उभा राहून बोलू लागला. तिसरा नियम श्रीमंत झालेल्या मेथॉडिस्टांच्या तिजोरीत मेला. ह्या पेनीत तो जिवंत राहिला.

पंथाच्या पुढाऱ्यांना ह्याची जाणीव नव्हती, किंवा भीती होती. १८१९ साली पीटरलूच्या हत्याकांडानंतर वेस्लियन नेतृत्वाने सुधारणावाद्यांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. ई. पी. थॉम्पसनने १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात मेथॉडिझमवर जो प्रहार केला आहे, कामगाराला गिरणीच्या शिस्तीत बसविण्याचे काम ह्या धर्माने केले असा, तो पुराव्यानिशी आहे आणि मी तो नाकारीत नाही. पण थॉम्पसनच्याच पानांतून दिसते की चार्टिस्टांनी आपल्या संघटनेसाठी वर्गांची ही पद्धत उचलली. १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारणारा जोसेफ आर्च हा प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट उपदेशक होता. ब्रिटिश मजूर पक्ष मार्क्सपेक्षा मेथॉडिझमचे अधिक देणे लागतो, असे तिकडे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे, पण निराधार नाही.

डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावाचे उदाहरण आपणां सर्वांना ठाऊक आहे. शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ झाली आणि ६ वर आणण्याची धमकी आली, तेव्हा जॉर्ज लव्हलेसने संघटना काढली. १८३४ साली सहाजणांना बेकायदा शपथ दिल्याच्या आरोपावरून सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा झाली. लव्हलेस हा वेस्लियन उपदेशक, आणि सहांपैकी पाच मेथॉडिस्ट होते. आठवड्याला सात शिलिंग मिळविणारा मनुष्य जेव्हा संघाची वर्गणी देतो, तेव्हा तो दान करीत असतो की मिळवीत असतो? आमच्या शास्त्रात ह्या दोन क्रिया वेगळ्या रकान्यांत जातात. लव्हलेसच्या हातात त्या एक झाल्या होत्या, असे मला वाटते. ह्या वर्गातल्या तरुण मित्रांपैकी ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी चर्चेच्या वेळी पहिल्याने उभे राहावे.