गादी मिळाली, पुढे काय?

यश मेहनतीचं की नशिबाचं, हा वाद वडोदऱ्यात तरी गादीपासूनच सुरू करावा लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, अक्षरओळखही नसलेला गोपाळ 1875 साली, बाराव्या वर्षी दत्तक येऊन सयाजीराव गायकवाड झाला. यात मेहनत कुठली, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्तच आहे. पण त्याच वर्षी आधीचे राजे मल्हारराव यांना गैरकारभाराच्या ठपक्याखाली पायउतार व्हावं लागलं होतं. गादी तीच, वैभव तेच. फरक पडला अभ्यासाने. शिक्षक इलियट साहेबांच्या हाताखाली मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी मुळाक्षरांपासून गिरवून झालं, दिवाण टी. माधवरावांनी कारभाराचे धडे दिले, आणि मगच, 1881च्या डिसेंबरात, अधिकार हाती आले. पुढे 1906 साली याच राजाने संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

मात्र ‘राबा, म्हणजे सगळं मिळतं’ हा व्याख्यानबाजांचा मंत्र मला अर्धाच वाटतो. 1913 साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. एवढं शिकून 1917 साली ते इथे वडोदऱ्यात नोकरीला आले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना घालवून दिलं गेलं. मेहनत कमी पडली नव्हती, कमी पडलं ते शहर. तेव्हा तरुण मित्रांनो, अभ्यासाची शिस्त सोडू नका. आणि ज्यांच्या हाती खोली, नोकरी किंवा शिष्यवृत्ती देणं आहे, त्यांनी कृपा करून आडनाव पाहून निर्णय घेऊ नये.