कुठे पोहोचलास?



विरार लोकलने आपला तालुका घडवला. संध्याकाळची गाडी पकडली की घरून फोन यायचा आणि गर्दीत कसाबसा हात वर करून आपण सांगायचो, ‘मीरा रोड गेलं, येतोच.’ यात धोका नव्हता, कारण उत्तर देणारा प्रवासी होता. गाडी चालवणारा मोटरमन पुढे होता आणि कामावर असताना त्याला स्वतःचा फोन बंद ठेवावा लागतो. त्याच्या हाताखाली ‘डेडमॅन हँडल’ असतं. त्यावरचा दाब सुटला की ब्रेक आपोआप लागतात. माणसाचं लक्ष उडू शकतं, हे रेल्वेने गृहीतच धरलं आहे.

आज आपल्या घरातले कितीतरी जण मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जातात. कुणी दुचाकीवर, कुणी कारने, कुणी भाजीच्या नाहीतर मालाच्या टेम्पोने. घरचा फोन मात्र तसाच येतो, त्याच वेळी आणि त्याच प्रश्नासह. म्हणून मला आज चालकांपेक्षा फोन करणाऱ्यांशी बोलायचं आहे. चालकांना उपदेश पुष्कळ होतो. आपल्याला कुणी काही म्हणत नाही.

साधा हिशेब करू. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे जाते. फोन कुणाचा हे पाहायला पाच सेकंद लागले तर 111 मीटर, म्हणजे लोकलचे पाच डबे मावतील एवढं अंतर, चालकाने न पाहता कापलेलं असतं. आता चिंचोटी, सातिवली, पेल्हार, शिरसाड ही ठिकाणं डोळ्यांसमोर आणा. भरधाव ट्रेलर, बाजूच्या रस्त्याने मध्येच घुसणारी रिक्षा, पावसाळ्यातले खड्डे, दुभाजकातून रस्ता ओलांडणारी माणसं. इथे शंभर मीटर फार मोठे आहेत.

यावर ‘आमचा मुलगा ब्लूटूथवर बोलतो’ असं उत्तर मिळतं. त्यात तथ्य असतं तर बरं झालं असतं. टोरांटोमध्ये रेडेलमायर आणि तिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या 699 मोबाइलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. 1997 साली त्यांनी निष्कर्ष छापला: फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणाने तो कमी झाल्याचं दिसत नाही. पुढे युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी सहकाऱ्यांबरोबर चालकांच्या नजरेचा माग घेतला. फोनवर बोलणाऱ्याची नजर रस्त्याकडेच्या फलकावर पडलेली असायची, पण नंतर विचारलं तर तो फलक त्याला आठवत नसे. डोळे रस्त्यावर होते, मन नव्हतं. मला यातली सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते की त्या माणसाला आपण काही पाहिलं नाही हेही कळत नाही.

मग शेजारी बसलेल्याशी गप्पा मारल्या तर? त्याचाही अभ्यास झाला आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर गर्दी आली की तो थांबतो, कधी ‘सांभाळ’ म्हणतो. स्वयंपाकघरातून फोन करणाऱ्याला पेल्हारचा ट्रेलर दिसत नाही.

कायदा आहेच. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्ये चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक वाहनचालनात घातलं. पहिल्या गुन्ह्यालाही कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. 2020पासून फक्त रस्ता दाखवणाऱ्या नकाशासाठी सवलत आहे, तीही एकाग्रता भंगणार नसेल तर. पण पोलिसाला हात दिसतो, मन दिसत नाही. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांतले मोबाइलमुळे झालेले मृत्यू सरकारी तक्त्यात तीन हजारांच्या पुढे आहेत. खरा आकडा मोठा असणार असं मला वाटतं, कारण अपघातानंतर फोनची साक्ष देणारा बहुधा उरलेला नसतो.

त्याच वर्षी 4 सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. त्यानंतर मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा घराघरांत झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. चालकाच्या लक्षाबद्दल अशी चर्चा मी अजून कुठल्या घरात ऐकलेली नाही.

ती आज रात्रीच सुरू करता येईल. निघताना एक निरोप, पोहोचल्यावर एक निरोप, मधे काही नाही. महामार्गावर कोंडी रोजची आहे. तासभर उशीर झाला तर आपला माणूस कोंडीत असेल असं धरून चला. कोंडीत उभा असतानाही फोन करू नका, कारण पुढची गाडी कधी हलेल हे त्याचं त्यालाच पाहायचं असतं. त्याने उचललाच तर ‘गाडी चालवतोयस का?’ एवढं विचारा आणि हो म्हणाला की ठेवून द्या. राग मानू नका, काळजीही वाढवू नका.

जेवण घेऊन येणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे. पडद्यावर त्याचं चिन्ह अंबाडी रोडवर थांबलेलं दिसलं की आपण लगेच फोन लावतो. तो एका हाताने हँडल धरून उत्तर देतो, कारण गुण आपण देणार असतो.

आणि वालीव-सातिवलीच्या कारखानदारांपैकी जे इथे बसले आहेत त्यांना वेगळी विनंती. गाडी माल भरून निघाली की ऑफिसातून ड्रायव्हरला फोनवर फोन जातात, आणि मालकाचा फोन तो टाळू शकत नाही. उद्या सकाळी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा की चालत्या गाडीत माझा फोन उचललास तर मला चालणार नाही; खानिवड्याला, मनोरला गाडी बाजूला घेऊन तूच फोन कर. त्या थांब्याची दहा मिनिटं वेळापत्रकात धरा आणि त्याबद्दल त्याचे पैसे कापू नका.